पट्टी सोडू नका, तिची वेळ बदला

पत्र

आमची मुलगी तिसरीत आहे, डिसेंबरात तिला आठ वर्षं पूर्ण होतील. मार्चमध्ये डोळे तपासले तेव्हा डाव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला. उजवा +1.00 आणि डावा +4.50. डॉक्टर ‘आळशी डोळा’ म्हणाले आणि चष्मा दिला. जूनमध्ये पुन्हा दाखवलं, तेव्हा चांगल्या म्हणजे उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली. घरी ती पट्टी ओढून काढते. शाळेत बाईंच्या धाकाने ठेवते, म्हणून मी साडेदहाला शाळेत सोडतानाच लावून देते आणि साडेबाराला बाई काढतात. आता बाईंची तक्रार आहे की फळ्यावरचं अर्धवट उतरवते, काना-मात्रा गाळते, गणितात आकडेच चुकीचे लिहिते, लक्ष नसतं. पहिल्या घटक चाचणीत 20 पैकी 9 मिळाले. मागच्या वर्षी वर्गात पहिल्या पाचांत होती. ‘तिला शिकण्यातच काही अडचण आहे का, बघून घ्या’ असंही बाई म्हणाल्या. सासूबाईंचं म्हणणं, चष्म्याने नंबर वाढतो, गाजर द्या, डोळ्यांचे व्यायाम करा. हे म्हणतात, इतक्या महिन्यांत काही फरक नाही, पट्टी बंद करू. पहिलीत शाळेत तपासणी झाली होती, तेव्हा ‘नजर चांगली’ लिहून दिलं होतं. काय करावं? धाकटा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला काही त्रास नाही.
— एक आई, कराड

उत्तर

पट्टी बंद करू नका. शाळेत लावणं मात्र उद्यापासून बंद करा. बाईंच्या तक्रारीचं निम्म्याहून जास्त उत्तर तुमच्याच पत्रात ‘साडेदहा ते साडेबारा’ या तीन शब्दांत आहे.

बहुतेक शाळांत परिपाठ झाला की भाषा आणि गणित हे तास आधी घेतात, कारण मुलं तेव्हा ताजी असतात. फळ्याचा सगळ्यात जास्त वापर याच दोन विषयांना होतो. नेमक्या त्या दोन तासांत तुमच्या मुलीचा चांगला डोळा झाकलेला असतो आणि ती कमजोर डोळ्याने शाळा करते. जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्याबद्दल अशीच तक्रार येते का, हे बाईंना एकदा विचारा. आमचा अंदाज आहे, येत नसेल.

तो डोळा किती कमजोर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण केसपेपर सोबत जोडलात ते बरं केलंत. चष्मा लावून उजवा 6/6, डावा 6/24. म्हणजे जे अक्षर चांगली नजर 24 मीटरवरून वाचते, तेच वाचायला तिच्या डाव्या डोळ्याला 6 मीटरपर्यंत यावं लागतं. आता हे वर्गात नेऊन बघा. ती तिसऱ्या बाकावर बसत असेल तर फळा साधारण 4 मीटरवर येतो. तिथून 6/24 च्या डोळ्याला सुमारे 23 मिलिमीटर उंचीचं अक्षर जेमतेम ओळखू येतं, आणि त्या अक्षरातली फट किंवा रेघ साडेचार-पाच मिलिमीटरहून बारीक असेल तर निसटते. बाई फळ्यावर चार-पाच सेंटिमीटरचं अक्षर काढतात, त्यामुळे अक्षर दिसतं. पण खडू टेकवून दिलेला अनुस्वार किती मोठा असतो? तेवढाच, चार-पाच मिलिमीटरचा. रफार, पोटफोड्या ‘ष’ची तिरकी रेघ, ‘घ’ आणि ‘ध’ मधला फरक, ‘भ’ आणि ‘म’ मधला फरक, गणितातला दशांशचिन्हाएवढा ठिपका, 3 आणि 8 मधली फट, सगळं त्याच मापाचं. शिवाय जेमतेम ओळखू येणं वेगळं आणि सलग उतरवून घेणं वेगळं. उतरवून घ्यायला ओळखू येण्याच्या किमान दुप्पट मोठं अक्षर लागतं.

त्यावर आणखी एक अडचण आळशी डोळ्याची खास आहे. सुटं अक्षर दाखवलं तर असा डोळा बऱ्यापैकी वाचतो. तेच अक्षर ओळीत, दोन्ही बाजूंनी शेजारी असताना गचडीत हरवतं. म्हणूनच दवाखान्यात एकेक अक्षर दाखवलं तर 6/18 वाचणारं मूल ओळ दाखवली की 6/24 वर अडतं. फळ्यावर तर ओळीच असतात. ‘लक्ष नसतं’ असं बाईंना वाटण्याचं कारण बहुधा हे की ती एका शब्दावर थांबते, अंदाज करते, तोवर बाई फळा पुसतात.

आता खात्री करून घ्यायची, नुसत्या आमच्या अंदाजावर जायचं नाही. त्याला डॉक्टर लागत नाही, तिच्या वह्या पुरतील. चार नमुने घ्या. जूनपासून पहिल्या दोन तासांत फळ्यावरून उतरवलेलं एक पान. दुपारच्या तासाला फळ्यावरून उतरवलेलं एक पान. परिसर अभ्यासाची वही चालेल. घरी, पट्टी न लावता, चष्मा लावून पुस्तकातून उतरवलेल्या दहा ओळी. आणि तुम्ही सावकाश सांगायचे 20 शब्द, ज्यात निदान सहा जोडाक्षरं असतील, म्हणजे श्रुतलेखन. प्रत्येक पानावर चुका लाल पेनने मोजा आणि कोणत्या प्रकारच्या आहेत ते बाजूला लिहा.

सकाळच्या पानावर चुका ढीगभर आणि बाकी तीन पानं ठीक असतील, तर विषय संपला, तो पट्टीचा दोष. सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा फळ्यावरचं चुकतं पण पुस्तकातलं बरोबर येतं, तर उजव्या डोळ्याचा नंबर पुन्हा तपासा, किंवा शाळेत ती चष्मा काढून दप्तरात ठेवते का ते बघा. पुस्तकातून उतरवतानाही ओळ सुटते, एकच ओळ दोनदा येते, पण श्रुतलेखन चांगलं, तर जवळच्या नजरेची आणि दोन्ही डोळ्यांच्या एकत्र कामाची तपासणी मागा. आणि श्रुतलेखनातच सारखे गोंधळ असतील, म्हणजे ऐकलेल्या शब्दातला आवाज कोणत्या अक्षराने लिहायचा हेच चुकत असेल, तर तो डोळ्याचा प्रश्न नाही, मग चष्मा बदलून काही होणार नाही. श्रुतलेखनात फळा नसतो, म्हणून हा चौथा नमुना टाळू नका.

बाईंनी शिकण्यातल्या अडचणीचा विषय काढला, त्यांना दोष देऊ नका. पण त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नजर आणि ऐकणं तपासायचं, मग वाचन-लेखनाच्या अक्षमतेची चाचणी. सरकारी नियमांतही ही चाचणी आठव्या वर्षापासून किंवा तिसरीपासून करतात, त्याआधी नाही. तुमच्या मुलीला पट्टीची वेळ बदलल्यावर पूर्ण एक सत्र द्या. तेवढं झाल्यावरही श्रुतलेखन आणि वाचन मागेच राहिलं तर चाचणी जरूर करा. मात्र वाचनातली अक्षमता डोळ्यांच्या व्यायामांनी किंवा रंगीत काचांच्या चष्म्याने बरी होते असं सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर वाटेला जाऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलंय की त्या अक्षमतेचं मूळ डोळ्यात नसतं आणि या उपायांना आधार नाही.

आता ‘काही फरक नाही’ या वाक्याकडे येऊ. हा फरक घरात दिसत नाही, कारण उजवा डोळा 6/6 आहे आणि दोन्ही डोळे उघडे असताना ती आधीही छान बघत होती, आताही बघते. फरक केसपेपरवर आहे. मार्चमध्ये चष्मा लावून डावा डोळा 6/36 होता, जूनमध्ये 6/24. म्हणजे पट्टीचा एक दिवसही न लावता, नुसत्या चष्म्याने तीन महिन्यांत तक्त्यावरची एक ओळ वर आली. हे अपेक्षितच होतं. डाव्या डोळ्याचा +4.50 हा नंबर इतका मोठा की त्या डोळ्यातून मेंदूकडे जन्मापासून धूसर चित्र जात राहिलं, आणि उजव्याकडून स्वच्छ. मेंदूने स्वच्छ चित्र घेतलं, धूसराकडे दुर्लक्ष करायला शिकला. डोळ्यात खराबी नाही, मेंदूतली त्या डोळ्याची वाट वापरात आली नाही. चष्म्याने चित्र स्वच्छ झालं, म्हणून थोडी वाट उघडली. पट्टी म्हणजे चांगल्या डोळ्याला रोज थोडा वेळ सुट्टी देऊन मेंदूला दुसऱ्याकडे वळायला लावणं, एवढंच.

किती तासांनी काय मिळतं, याचा अंदाजही बांधता येतो. लंडनमध्ये 2004 च्या सुमारास एका अभ्यासात पट्टीतच वेळ मोजणारं छोटं यंत्र बसवलं होतं. त्यात दिसलं की तक्त्यावरची एक ओळ सुधारायला साधारण 120 तासांची पट्टी लागते. दुसरं दिसलं ते प्रत्येक आईबापाने ऐकावं असं आहे: सांगितलेल्या वेळाच्या जेमतेम निम्मा वेळ पट्टी प्रत्यक्षात डोळ्यावर होती. तुमच्याकडे जूनच्या मध्यापासून आत्तापर्यंत शाळेचे पंचेचाळीसेक दिवस धरले, रविवार आणि सुट्ट्यांना पट्टी नाही, तर कागदावरच 90 तास होतात. त्यातून सरकलेली पट्टी आणि नाकाच्या बाजूने डोकावणं वजा करा. एवढ्यात मोठा फरक का दिसावा? उपचार फसलेला नाही, अजून पुरता सुरूच झालेला नाही.

दोन तास कमी आहेत असंही वाटून घेऊ नका. 6/24 पर्यंतच्या मध्यम कमजोरीसाठी रोज दोन तास आणि रोज सहा तास यांत चार महिन्यांच्या शेवटी फरक पडला नाही, असं 2003 च्या अमेरिकेतल्या चाचणीत आढळलं. ती चाचणी सात वर्षांखालच्या मुलांवर होती. तुमची मुलगी सातच्या पुढे आहे म्हणून हात टेकायचे कारण नाही. ‘आठनंतर आळशी डोळा सुधारत नाही’ ही जुनी समजूत मोडलेली आहे: 2005 मध्ये सात ते बारा वयोगटात पट्टी आणि चांगला डोळा धूसर करणारे थेंब मिळून उपचार घेतलेल्यांपैकी 53 टक्के मुलांची नजर निदान दोन ओळींनी सुधारली, नुसता नवा चष्मा घालणाऱ्यांत हे प्रमाण 25 टक्के होतं. लवकर सुरू केलं तर लवकर मिळतं हे मात्र खरं, म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ नको.

घरी पट्टी टिकत नाही ही तुमची खरी अडचण, तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवू.

एक, तुम्ही पट्टी चष्म्यावर लावताय की त्वचेवर? चिकटपट्टी त्वचेवर, भुवईखाली, आणि चष्मा वरून. कापडी डोळाबंद दोरीने बांधायचा प्रकार सरकतो आणि मूल कडेने बघतं. चिकटवताना आधी नाकाकडची बाजू दाबायची, मग कानाकडची. डोकावण्याची जागा नाकाच्या बाजूला असते. रोज पट्टीची दिशा उलटसुलट करा, आज रुंद टोक नाकाकडे तर उद्या कानाकडे, म्हणजे त्वचेच्या एकाच जागी चिकट पडत नाही. काढताना ओढू नका. ‘ओढून काढते’ असं तुम्ही लिहिलंत, त्यामागे बहुधा खाज किंवा केस उपटल्याची भीती असते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन मिनिटं कडेला धरा, मग सोला. लाल झालं असेल तर रात्री खोबरेल तेल लावा, पण सकाळी ते साबणाने धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पट्टी चिकटणार नाही. घाम येत असेल तर पंख्याखाली तोंड पुसून, पूर्ण कोरडं करून लावा. त्वचा फुटली तर दोन दिवस थांबून चष्म्याच्या काचेवर चढणारा, बाजूनेही बंद असलेला कापडी खोळीसारखा प्रकार मागा. तो चिकटपट्टीहून थोडा कमी खात्रीचा, पण रडारड करून काढून टाकलेल्या पट्टीहून चांगला.

दोन, वेळ. शाळा सुटून घरी आल्यावर खाणं झालं की साडेपाच ते साडेसात. एकदम दोन तास नको, पहिल्या आठवड्यात रोज वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे करा आणि दर दोन दिवसांनी प्रत्येक तुकडा पाच-दहा मिनिटांनी वाढवा. सकाळी शाळेच्या आधी एक तास आणि संध्याकाळी एक तास, अशीही फोड चालते. शनिवारी सकाळची शाळा असेल तर दुपार मोकळी. एखाद्या दिवशी राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी चार तास लावून भरपाई करायची गरज नाही.

तीन, आणि ही चांगली बातमी. पट्टी लावून अभ्यासच केला पाहिजे असं अजिबात नाही. जवळचं बारीक काम करणाऱ्या आणि लांबचं बघणाऱ्या मुलांत फरक पडला नाही, असं 2008 मध्ये पाहिलं गेलं. त्यामुळे पट्टीला शिक्षा बनवू नका. मटकी-राजमा-वाटाणा मिसळून वेगळं करणं, ठिपक्यांची रांगोळी, मणी ओवणं, कॅरम, पत्ते, चित्र रंगवणं. टीव्हीवरचं आवडतं कार्टून फक्त पट्टी असतानाच, असा सौदा करा. तो बहुतेक घरांत टिकतो. शाळेचा गृहपाठ मात्र पट्टी काढल्यावर, चांगल्या डोळ्याने करू द्या, नाहीतर वहीचं नुकसान परत सुरू. आणि पट्टी असताना सायकल, गच्ची, जिना धावत उतरणं, रस्ता ओलांडणं नको. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो आणि तो एक डोळाही 6/24 चा आहे.

चार, हिशेब. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटीत मिनिटं लिहा. ‘लावली’ अशी खूण नको, मिनिटं. पुढच्या भेटीला ते पानच डॉक्टरांपुढे ठेवा. सुधारणा कमी दिसली तर तास वाढवायचे की पट्टी लावलीच नव्हती म्हणायचं, हे त्यांना त्या आकड्यांवरूनच ठरवता येतं. हा हिशेब नसेल तर दोन्ही बाजू अंदाजाने बोलतात.

हे सगळं करूनही महिनाभरात पट्टी टिकली नाही, तर डॉक्टरांना 1 टक्का अॅट्रोपिन थेंबांबद्दल विचारा. शनिवार-रविवारी चांगल्या डोळ्यात एक थेंब टाकतात, त्याने तो डोळा जवळचं धूसर बघतो आणि मेंदू कमजोर डोळ्याकडे वळतो. मध्यम कमजोरीत याचा गुण पट्टीसारखाच येतो. पण शाळेच्या दृष्टीने एक गोष्ट आधीच बोलून घ्या: या थेंबाचा अंमल आठवडाभर किंवा जास्त टिकतो. म्हणजे सोमवारी तिला चष्म्यातून फळा नीट दिसेल, पण समोरचं पुस्तक चांगल्या डोळ्याला धूसर दिसेल. शाळेत वाचायला वेगळा जवळचा नंबर लागेल का, असं थेट विचारा. बाहुली मोठी राहते म्हणून उन्हात डोळे दिपतात, टोपी द्या. थेंब टाकताना नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं, ताप, बडबड असं काही दिसलं तर थेंब थांबवून डॉक्टरांना फोन करा. बाटली लहान भावाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पोटात गेली तर ती विषारी आहे.

चष्म्याबद्दल सासूबाईंना सांगा, चष्म्याने नंबर वाढत नाही. तिचा नंबर अधिकचा आहे, आणि अधिकचे नंबर मूल वाढताना साधारणपणे थोडे उतरतात. उणे नंबर वाढतात ते डोळ्याची लांबी वाढत जाते म्हणून, काचेमुळे नव्हे. गाजर, पालक, शेवग्याचा पाला जरूर द्या, अ जीवनसत्त्व हवंच. ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. पण त्याने +4.50 चं +4.00 होत नाही. डोळे गरागरा फिरवण्याचे व्यायाम निरुपद्रवी आहेत, त्यात वेळ जातो इतकंच. (मुलीच्या जातीला इतक्या लहानपणी चष्मा कसा, ही त्यामागची खरी काळजी असेल तर तिला वैद्यकीय उत्तर नाही. चष्मा न लावण्याची किंमत कोण मोजणार, एवढं विचारता येईल.)

काचा मात्र नीट बघा. एवढ्या नंबराची काच नाकावरून खाली घसरली की मूल तिच्या वरून बघतं, मग चष्मा असून नसल्यासारखा. चष्म्याची काडी कानामागे वळते का, नाकाच्या गाद्या बसतात का, बाहुली काचेच्या मधोमध येते का, हे चष्मेवाल्याकडून दर दोन-तीन महिन्यांनी बघून घ्या. मुलं फ्रेम वाकवतातच. मागे इलॅस्टिकचा पट्टा लावला तर खेळताना पडत नाही. काच पॉलिकार्बोनेटची मागा, फुटून डोळ्यात जात नाही. पुसायला पदर, फ्रॉक नको, पाण्याखाली साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड. वर्षभरात काचेवर ओरखडे आले तर बदला.

पहिलीतल्या तपासणीत हे कसं सुटलं, असा तुमचा प्रश्न आहे. शाळेतली तपासणी खोटी नसते, पण तिला ठरलेल्या चोरवाटा आहेत. मुलं रांगेत उभी असताना पुढच्याचं ऐकून तक्ता पाठ करतात. डोळा बोटांनी झाकायला सांगितलं की बोटांच्या फटीतून चांगलाच डोळा बघतो, आणि हे मूल मुद्दाम करत नाही. घाईत दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचून घेतलं तर आळशी डोळा कधीच सापडत नाही, कारण चांगला डोळा सगळं वाचून देतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, त्याची पथकं शाळेत वर्षातून एकदा येतात. पुढच्या वेळी बाईंना एवढंच सांगा की डोळा तळहाताने झाकून घ्या, बोटांनी नको, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी ओळ उलट्या बाजूने वाचून घ्या.

शाळेसाठी बाईंना एक चिठ्ठी द्या, तोंडी सांगून विसरलं जातं. साधारण अशी:

“नमस्कार बाई. हिची पट्टी सोमवारपासून घरी लावणार आहोत, शाळेत लावणार नाही. शाळेत चष्मा दिवसभर डोळ्यांवर असावा, खेळाच्या तासालाही. जूनपासून पहिल्या दोन तासांत हिने कमजोर डोळ्याने फळा वाचला आहे, त्यामुळे त्या काळातलं मराठीचं आणि गणिताचं कोणतं काम राहिलं ते कृपया लिहून द्यावं, घरी करून घेऊ. पुढचे चार आठवडे सकाळी आणि दुपारी उतरवण्यात फरक पडतो का, तेवढं बघावं.”

चिठ्ठीतलं तिसरं वाक्य महत्त्वाचं. पट्टीची वेळ बदलली की उद्यापासून तिला फळा दिसेल, पण नऊ आठवड्यांत हुकलेलं आपोआप भरून येत नाही. हातच्याची वजाबाकी त्याच तासांत झाली असेल तर ती तिला येत नसणार, आणि पुढचं गणित तिच्यावरच उभं आहे. रोज अर्धा तास, फक्त तेवढे धडे. 20 पैकी 9 हे गुण डोळ्याचे आहेत असं गृहीत धरून ते सोडून देऊ नका. उत्तरपत्रिका मागवून घ्या आणि न दिसल्यामुळे चुकलेलं कुठलं, न समजल्यामुळे चुकलेलं कुठलं, ते वेगळं करा.

पहिल्या बाकाचा आग्रह धरू नका. पट्टी नसताना तिचा उजवा डोळा 6/6 आहे, तिसरा-चौथा बाक तिला पुरतो आणि पहिला बाक ज्याला खरोखर लागतो त्याला मिळू द्या. उद्या डॉक्टरांनी पट्टी सहा तासांवर नेली तर गोष्ट वेगळी. सहा तास शाळा टाळून बसत नाहीत. मग पट्टी मधल्या सुट्टीनंतर, कार्यानुभव, चित्रकला, खेळ अशा तासांना, आणि त्या वेळेपुरता पहिला बाक, फळ्यावर मोठं अक्षर, शेजारणीची वही उतरवायला. किंवा मोठी पट्टी दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. बाईंनी मुलांना ‘हिच्या डोळ्याचा व्यायाम चालू आहे’ एवढं सांगितलं तर चिडवाचिडवी कमी होते.

नजर सुधारल्यावरही दोन गोष्टी काही काळ राहतात. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली जोखणं उशिरा येतं किंवा पुरतं येत नाही, म्हणून चेंडू झेलताना हुकणं, पेल्यात पाणी ओतताना सांडणं. त्यावर ओरडू नका. आणि अशी मुलं दोन्ही डोळे उघडे असतानाही थोडी हळू वाचतात, असं मोजून पाहिलेलं आहे. पुढे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेवरून उत्तरपत्रिकेवर बघून गोल काळा करायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. सराव घड्याळ लावून घ्या, उत्तरपत्रिकेवर मोजपट्टी ठेवून ओळ धरायची सवय लावा. परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळेल या आशेवर राहू नका. त्यासाठी साधारणपणे 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि ते चांगल्या डोळ्यावरून मोजतात. एक डोळा 6/6 असताना ते येत नाही.

पुढची भेट सप्टेंबरच्या शेवटी घ्या, म्हणजे नव्या वेळापत्रकाचे सहाएक आठवडे झालेले असतील. डॉक्टरांना विचारायचं ते असं: डाव्या डोळ्याची नजर ओळीत वाचून किती, सुट्या अक्षराने किती. उजव्या डोळ्याची नजर पट्टीमुळे उतरलेली नाही ना. चष्म्याचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पुन्हा कधी बघायचा. थेंब न टाकता यंत्रावर काढलेला लहान मुलाचा नंबर धरू नका, मुलं डोळ्याचा जोर लावून अधिकचा नंबर लपवतात. थेंबानंतर एक-दोन दिवस जवळचं धूसर दिसतं, म्हणून ती तपासणी चाचणीच्या आठवड्यात ठेवू नका. आणि पट्टी थांबवायची वेळ आली तर एकदम थांबवायची की कमी करत. साधारण चारातल्या एका मुलाची नजर उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा उतरते, म्हणून तेव्हाही दोन-तीन महिन्यांनी दाखवत राहायचं.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की धाकटा साडेतीन वर्षांचा आहे आणि त्याला ‘काही त्रास नाही’. हिलाही नव्हता. त्याच भेटीत त्यालाही घेऊन जा, थेंब टाकून तपासून घ्या. तोवर घरी एक करता येईल: त्याचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एक डोळा झाकला की तो शांत खेळत राहतो आणि दुसरा झाकला की हात ढकलतो, रडतो, मान वळवतो, असं दिसलं तर सप्टेंबरची वाट बघू नका.